टी, एल्बो आणि आमची डाळिंबाची बाग

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

माझ्या होस्टेलच्या टेबलावर एक फुटलेली टी आहे. चहाची नव्हे, पीव्हीसीची. ७५ मिलिमीटरची, करड्या रंगाची, मधल्या तोंडाच्या बुडापासून उभी चिरलेली. रूम पार्टनर तिच्यात पेनं ठेवतो. सबमिशनच्या दिवसांत कोणी जर्नल मागायला आलं की हमखास विचारतं, "हे काय ठेवलंय रे?" प्रत्येकाला सांगून कंटाळलो, म्हणून यंदा मासिकातच लिहून टाकतो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्या उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी नाही त्यांना निदान व्हायवात वॉटर हॅमरवर दोन वाक्यं जास्त बोलता येतील!

आमचं गाव सांगोला तालुक्यात. विहीर ओढ्याच्या काठाला आणि डाळिंबाची बाग वर माळावर. दीड एकर, साडेचारशे झाडं. विहिरीपासून बागेपर्यंत अकराशे फूट, म्हणजे साधारण ३३५ मीटर अंतर, आणि चढ दहा मीटरचा. जुनी पाइपलाइन इतक्या ठिकाणी ठिगळं लावलेली होती की पाणी बागेपेक्षा बांधावरच्या गवताला जास्त मिळायचं. मी सेकंड इयरला असताना, एप्रिलच्या शेवटी, आबांनी सोसायटीचं कर्ज काढून ती बदलायची ठरवली. मला म्हणाले, "आरं, तू इंजिनेर हुणार न्हवं? मग सामान तूच आण."

इंजिनेर दुकानात गेला. पाइप नीट बघून घेतला. नळीवर आयएस ४९८५ छापलेलं आहे का, प्रेशर किती लिहिलंय, नळी सरळ आहे का, सगळं तपासलं. दुकानदार ६३ मिलिमीटरचा, म्हणजे गावच्या भाषेत दोन इंची पाइप घ्या म्हणत होता. मी तिथंच वहीच्या पानावर हिशेब केला. आमची पाच एचपीची पाणबुडी मोटर सेकंदाला साडेचार लिटर पाणी देते. एवढं पाणी ७५ च्या (अडीच इंची) पाइपातून नेलं तर ३३५ मीटरमध्ये घर्षणानं सुमारे सहा मीटर हेड जातं. ६३ मधून नेलं तर पंधरा मीटर. तेवढं वाया घालवण्यापेक्षा ७५ घेतलेला बरा, आणि तोही सहा किलोचा. (किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलोचा दाब ते. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे ढोबळ मानानं एक किलो.) दुकानदार गप्प झाला. मला माझाच अभिमान वाटला.

मग फिटिंगची पाळी आली. पाइपाचे पैसे मोजून झाले होते, खिशात थोडेच उरले होते. दुकानदारानं दोन पोती पुढं ठेवली. एकात सहा किलोचं फिटिंग, दुसऱ्यात चार किलोचं, हलकं. मी विचार केला, विहिरीवर गेजला सव्वातीन किलो दाब दिसतो, म्हणजे चार किलो पुष्कळ झालं. आठशे चाळीस रुपये वाचले. घरी आल्यावर आईला तो आकडा मी दोनदा सांगितला.

चूक कुठं झाली ते पुढं येतंच. आधी जोडायचं कसं ते सांगतो, कारण तिथंही आम्ही एक पराक्रम केला.

गावात ज्याला 'सोल्युशन' म्हणतात ते फेविकॉलसारखं चिकटवणारं द्रव्य नाही. त्याचं पुस्तकी नाव सॉल्व्हंट सिमेंट. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतं. नळीचा बाहेरचा आणि सॉकेटचा आतला असे दोन मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि दोन्ही मिळून एकच प्लास्टिक होतं. म्हणून हा जोड खरं तर वेल्डिंगच्या जवळचा. हे कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. नळी काटकोनात कापायची, कारण तिरकी कापली तर एका बाजूला मिसळायला प्लास्टिकच उरत नाही. सरळ रेघ हवी तर नळीभोवती कागद गुंडाळून कडेनं पेन फिरवायचं. कापल्यावर बाहेरची धार कानशीनं तिरकी करायची, नाहीतर ती धार आत जाताना सगळं सोल्युशन खरवडून पुढं ढकलते. आधी कोरडीच घालून बघायची. सॉकेट आत किंचित निमुळतं असतं, म्हणून नळी तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश आत जाऊन अडायला हवी. सोल्युशन न लावताच ती बुडापर्यंत सुळकन गेली तर ते फिटिंग परत करा, कितीही सोल्युशन ओतलं तरी ती फट भरत नाही. सॉकेट किती खोल आहे तेही नळीवर पेननं आखून ठेवायचं.

मग दोन्ही भाग कोरड्या फडक्यानं पुसून, सॉकेटच्या आत पातळ आणि नळीवर जरा भरपूर हात द्यायचा. नळी पाव फेरी फिरवत खुणेपर्यंत दाबायची आणि तीसेक सेकंद तशीच धरून ठेवायची. निमुळत्या सॉकेटमुळं ती मागं सरकू बघते, म्हणून धरायची. सॉकेटच्या आत थापून सोल्युशन लावलं तर जास्तीचं आत ओघळतं, तिथं साचतं आणि नळीची भिंतच मऊ करून ठेवतं. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं घट्ट झालं असेल तर टाकून द्यावं, त्यात पेट्रोल ओतून पातळ करण्याचा गावठी प्रयोग करू नये. आणि जोडणाऱ्यानं बिडी पेटवू नये. हे मी आमच्या नानांना सांगितलं. नाना म्हणजे आमच्या भागात पन्नास वर्षं पाइपलाइनी जोडत आलेला माणूस. ते म्हणाले, "बाळा, तुझ्या जन्माच्या आदुगर मी ही बिडी पेटवलीया." पण विझवली.

नानांशी माझं खरं भांडण झालं ते सॉकेट काढण्यावरून. नळीचं एक टोक कारखान्यातूनच फुगवलेलं येतं. पण तुकडे जोडायची वेळ आली की आमच्याकडं चगाळ पेटवतात, त्यावर नळी तापवतात आणि दुसरी नळी तिच्यात कोंबतात. फुकटात सॉकेट! नानांचा हात असा की सॉकेट गोल येतं, यात शंका नाही. पण ताणल्यामुळं तिथली भिंत पातळ होते, एका बाजूला जास्त तापली तर जास्तच पातळ. सहा किलोच्या लाइनीत तेवढीच जागा कमजोर राहते. एक कपलर विकत घ्या ना! शेवटी तडजोड झाली. मेन लाइनीला कपलर, आणि टाकीकडं जाणाऱ्या बिनदाबाच्या नळीला नानांचं सॉकेट.

आता पराक्रम. दुपारी चारला शेवटचा जोड झाला. रात्री आठला लाइट आली. सगळे चरावर जमलेले, आईनं नारळ आणलेला. कोण थांबणार? मोटर चालू केली आणि दहा मिनिटांत विहिरीजवळच्या एल्बोतून नळी सटकून बाहेर आली. नारळ राहिला बाजूला, सगळे चिखलात. सोल्युशनचा जोड तीस सेकंदांत धरतो, पण दाब सोसण्याइतका होतो तो द्रावक पूर्ण उडाल्यावर. त्यासाठी २४ तास द्यावेत.

आणि एल्बोच का सटकला? वळणावर पाणी नळीला बाहेर ढकलतं. मोमेंटम इक्वेशनची गरज नाही, नुसता दाब धरला तरी पुरे. काटकोनी वळणावरचा जोर म्हणजे दाब गुणिले नळीचं क्षेत्रफळ गुणिले १.४१. ७५ मिलिमीटरचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर. सव्वातीन किलो दाबाला हा जोर दोनशे किलोवर जातो. म्हणजे ज्वारीची दोन पोती त्या ओल्या जोडाला बाहेर ओढतायत! रबर रिंगच्या लाइनीत जोड नळीला धरून ठेवतच नाही, म्हणून तिथं प्रत्येक वळणामागं काँक्रीटचा ठोकळा हवाच. सोल्युशनचा जोड वाळल्यावर ओढ सोसतो, तरी भुसभुशीत मातीत वळणामागं ठोकळा नाहीतर घट्ट धुमसलेला मुरूम असलेला बरा.

जाता जाता एक कबुली. एल्बो घ्यावा की लांब बेंड, यावर मी नानांना हेड लॉसचं लेक्चर दिलं होतं. नंतर आकडे घातले. आमच्या लाइनीत वेग सेकंदाला १.२ मीटर, एका एल्बोला जातं सात सेंटिमीटर हेड. सहा एल्बोंचे मिळून अर्धा मीटरसुद्धा नाही. पुस्तकात त्यांना 'मायनर लॉसेस' म्हटलंय ते खरंच मायनर आहेत. बेंड बरा, पण त्यासाठी कोणाशी भांडू नये.

दुसऱ्या दिवशी जोड नव्यानं केला, २४ तास थांबलो, लाइन चालली. चर बुजवला तो मात्र पहाटे. उन्हात टाकलेली लाइन लांबलेली असते. पीव्हीसी एका मीटरला एका अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. ३३५ मीटर लाइन पंधरा अंशांनी थंड झाली तर ३५ सेंटिमीटर आखडायला बघते. ती ओढ जोडांवरच येणार. म्हणून भर उन्हात बुजवायची नाही, आणि चरात नळी थोडी नागमोडी ठेवायची. खाली आणि वर आधी मऊ माती, दगड नंतर. चर अडीच-तीन फूट खोल, म्हणजे नांगर लागत नाही.

आता टीकडं येतो. विहिरीपासून चाळीस फुटांवर खालच्या रानाला फाटा काढलाय, तिथं ती बसवली होती. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी पीएलसाठी घरी होतो. लाइट रात्रीची होती. आबांनी मोटरला ऑटो बसवून घेतलाय, लाइट आली की मोटर आपोआप चालू. रात्री कोण विहिरीवर जाणार, साप-किरडू असतंय, म्हणून सगळेच बसवतात. त्या रात्री आबांनी बागेतले सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवले होते, कारण सकाळी खत सोडायचं होतं. ऑटो काढायचा राहिला. पंपावरचा एनआरव्ही गळका, त्यामुळं लाइनीतलं पाणी हळूहळू विहिरीत उतरलं होतं. मध्यरात्रीनंतर कधीतरी लाइट आली. रिकामी लाइन भरत गेली, वर फिल्टरजवळच्या एअर व्हॉल्व्हमधून हवा बाहेर पडली, आणि पाणी टोकाला पोहोचताच तो मिटला. धावत आलेलं पाणी जागच्या जागी थांबलं.

सेकंदाला १.२ मीटर वेगानं जाणारं पाणी एकदम थांबलं तर दाब किती वाढतो? लहरीचा वेग गुणिले पाण्याचा वेग, भागिले ९.८१. लोखंडी नळीत ही लहर सेकंदाला हजार मीटरच्या वर पळते. पीव्हीसी लवचीक असल्यानं आमच्या नळीत ती सुमारे ३०० मीटरनं. म्हणजे ३७ मीटर हेड, ३.७ किलो. रिकामी लाइन भरताना पाण्याला अडवणारं पुढं काही नसतं, वेग १.२ पेक्षा जास्तच असणार. ही लहर वरून निघून सेकंदभरात विहिरीकडं पोहोचते. तिथले सव्वातीन आणि हे ३.७, झाले सात किलो. धक्का बसला बागेजवळ आणि टी फुटली ओढ्याजवळ, ते यामुळं. उंचीमुळं खालच्या टोकाला मुळातच दाब जास्त.

सात किलो सोडा. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना हीच मोटर नुसती चालू राहिली तर गेजवर साडेचार दिसतात. हे मी नंतर बघितलं. म्हणजे धक्का बसलाच नसता तरी माझं चार किलोचं फिटिंग मर्यादेबाहेर होतं. मी बघितला होता तो चालत्या लाइनीचा दाब, आणि लाइन रोज काही चालतच राहत नाही. बंद व्हॉल्व्हवरचा दाब आणि धक्क्याचा दाब विचारायचं मला सुचलं नाही. सहा किलोच्या नळीनं तो क्षणभराचा धक्का निभावून नेला. टीला ते जमेना. साच्यात ओतलेल्या फिटिंगमध्ये वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जिथं भेटतात तिथं एक बारीक सांधा राहतो, तो इतर भागापेक्षा कमजोर असतो. माझ्या टेबलावरची टी बरोबर त्या रेघेवर चिरली आहे. टेबल लॅम्पखाली धरली की अजून दिसतं.

सकाळी चर म्हणजे तळं झालं होतं. नवी टी तालुक्याहून आणली, पण बसवायची कशी? दोन्हीकडची नळी पुरलेली, तसूभर हलत नाही, आणि टी आत घालायला नळी बाजूला सारावी लागते. दोन्हीकडं बारा-बारा फूट उकरून नळी वाकवली तेव्हा कुठं टी गेली. बरं, नळीतून पाणी झिरपतच होतं. ओल्या नळीवर सोल्युशन लावलं, जोड धरला नाही, पुन्हा कापली. तिसऱ्या खेपेला नळीचं तोंड वर उचलून बांधलं, फडक्यानं कोरडं केलं, आणि मग बसली. त्यात २४ तास थांबणं आणि लाइटचं वेळापत्रक. पाणी पाच दिवस बंद. मे महिना, सांगोल्याचं ऊन, आणि झाडावर मोसंबीएवढी फळं.

सहाव्या दिवशी लाइन सुरू झाली. झाडं तहानलेली म्हणून आबांनी नेहमीच्या दुप्पट वेळ पाणी दिलं. डाळिंबाला हेच सोसत नाही. पाण्याचा ताण पडून एकदम भरपूर पाणी मिळालं की आतले दाणे फुगतात आणि आखडलेली साल तेवढी ताणत नाही. चार-पाच दिवसांत फळं तडकायला लागली. मी आणि आई पाट्या घेऊन तडकलेली फळं तोडत फिरलो, झाडावर ठेवली तर रोग येतो म्हणून. आबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाले, "आठशे चाळीस म्हणला होतास न्हवं?"

त्यानंतर आम्ही लाइनीत काय बदललं ते सांगतो. विहिरीकडच्या अर्ध्या लाइनीचं फिटिंग दहा किलोचं केलं, वरचं सहा किलोचं. पंपावर नवा एनआरव्ही बसवला. विहिरीवर बायपास काढला. बागेतले व्हॉल्व्ह सगळे मिळून कधीच बंद करायचे नाहीत, दुसरा उघडल्याशिवाय पहिला मिटायचा नाही, आणि मिटायचा तो हळू. आमचे बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत बंद होतात, म्हणून ती पाव फेरी सावकाश फिरवायची.

आट्यांच्या फिटिंगबद्दल दोन शब्द, कारण पुढची गळती तिथं होती. लोखंडी आणि प्लास्टिकचे आटे जोडताना प्लास्टिकचं नर आणि लोखंडाचं मादी ठेवावं. उलटं केलं तर निमुळते लोखंडी आटे पाचरीसारखे आत जातात आणि प्लास्टिकचं तोंड फाकवतात. ते त्या दिवशी फुटत नाही, महिन्यानं फुटतं. तसंच करावं लागलं तर पितळी आट्यांचं फिटिंग घ्या, महाग पडतं पण चालतं. टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळायची, हातानं घट्ट करून पान्ह्यानं एखादी फेरी, बस. पान्ह्यावर लोंबकळणारे लोक मी पाहिलेत.

ठिबकच्या बारीक नळ्यांची गोष्ट वेगळी. ती काळी नळी पॉलिथिनची. तिला सोल्युशन लागतच नाही, कारण ते पॉलिथिनला विरघळवत नाही. आमच्या शेजारच्यांनी काळ्या एचडीपीईच्या नळीला अख्खा डबा लावून बघितला, दुसऱ्या दिवशी साप कात टाकतो तसा थर निघून आला. तिथं दातेरी जॉइनर, कॉम्प्रेशन फिटिंग नाहीतर गरम प्लेटचं वेल्डिंग. सबमेनवर ग्रोमेटसाठी भोक पाडताना ग्रोमेटच्या मापाचंच ड्रिल वापरा. तापवलेल्या सळईनं पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं आणि रबर तिथं बसत नाही. लॅटरलचं टोक जॉइनरवर जात नसेल तर कोमट पाण्यात बुडवा, काडी लावू नका. आणि ड्रिलचा कीस लाइनीत राहतो, म्हणून लॅटरल जोडायच्या आधी सबमेनचं टोक उघडून पाणी सोडा, नाहीतर तो थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो.

यंदा दिवाळीत खालच्या रानाच्या फाट्यावर एक व्हॉल्व्ह बदलला. नाना, मी आणि आबा. जोड झाला तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. आबांनी स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकले आणि पेटीला कुलूप लावलं. रात्री लाइट आली तेव्हा मी अंथरुणात होतो. बाहेरून आबांचा आवाज आला, "इंजिनेर, जोडाला किती तास झालं रं?"

"सात, आबा."

"मग झोप."